पाच टन डिझेल

बोस्नियाची राजधानी असलेल्या सारायेवोला वेढा कसा पडला आणि तो इतकी वर्षं का उठला नाही, हे नकाशावरून नीट उमगत नाही. त्रेबेविच डोंगरावर गेलं की एका नजरेत उमगतं. जुन्या शहरापासून थोडं चढून गेलं की केबल कारचं स्थानक लागतं. युद्धात उद्ध्वस्त झालेली ही केबल कार एप्रिल २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली. काही मिनिटांत आपण वर पोचतो आणि खाली मिल्यात्स्का नदीच्या काठाने पसरलेलं अख्खं शहर परातीत मांडून ठेवल्यासारखं समोर येतं. मशिदींचे मिनार, चर्चचे मनोरे, ट्रामचा लांबलचक रस्ता, शाळा, मंडई, सगळं स्पष्ट दिसतं. चहूकडून डोंगर. एप्रिल १९९२ पासून फेब्रुवारी १९९६ पर्यंत या डोंगरांवर बोस्नियन सर्ब सैन्याच्या तोफा आणि नेमबाज बसलेले होते. १९८४ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेली बॉबस्लेची सिमेंटची घसरण अजून तिथे झाडीत आहे. आता तिच्यावर रंगीत चित्रं काढलेली आहेत आणि पर्यटक तिच्यातून चालत खाली उतरतात. युद्धात तिचाच आडोसा तोफांना होता.

इथे उभं राहिल्यावर कायद्यातला सगळ्यात अवघड प्रश्न समोर येतो. पाण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला गोळी घालणारा नेमबाज कोण होता, हे बहुतेक वेळा कधीच कळत नाही. पण त्याला तिथे बसवणारा, त्याला काडतुसं पुरवणारा आणि महिनोन्‌महिने हे चालू ठेवणारा कोण होता, हे कळू शकतं. जनरल स्टानिस्लाव्ह गालिच हा सप्टेंबर १९९२ ते ऑगस्ट १९९४ या काळात वेढा घालणाऱ्या कोरचा प्रमुख होता. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या हेगच्या न्यायाधिकरणाने २००३ मध्ये त्याला २० वर्षांची शिक्षा दिली. २००६ मध्ये अपिलात ती कमी तर झाली नाहीच, उलट जन्मठेप झाली. नागरिकांमध्ये दहशत पसरवणं हा स्वतंत्र युद्धगुन्हा मानून आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने दिलेली ती पहिली शिक्षा. ५ फेब्रुवारी १९९४ रोजी मार्काले मंडईत एका तोफगोळ्याने ६८ माणसं मेली, त्याचाही जाब त्यालाच द्यावा लागला. ती मंडई आजही भरते. मागच्या भिंतीवर मेलेल्यांची नावं आहेत आणि पुढ्यात भाजीचे ठेले.

गालिच सेनाधिकारी होता. त्याच्याही वर बसलेल्यांचं काय होतं? राष्ट्राध्यक्ष, सरसेनापती, पक्षाचे नेते, ज्यांच्या अंगाला धूळही लागत नाही, त्यांच्यापर्यंत कायदा कसा पोचतो? हा प्रश्न घेऊनच मी निघाले होते. गुन्हा जिथे घडला ती जमीन आधी पाहायची आणि त्याचा न्याय जिथे झाला ती शहरं नंतर, असं ठरवलं होतं.

सारायेवोहून स्रेब्रेनित्साला गाडीने अडीच-तीन तास लागतात. शहर सुटता सुटता पाट्यांवरची लिपी बदलते, लॅटिन जाऊन सिरिलिक येते. देश तोच असतो, पण आपण त्याच्या सर्बबहुल भागात, रिपब्लिका सर्प्स्कामध्ये शिरलेले असतो. १९९५ अखेरच्या डेटन कराराने युद्ध थांबवलं आणि देशाची ही दोन घटकांतली वाटणीही कायम केली. रस्ता सुंदर आहे. पाइनचं जंगल, आलुबुखारच्या बागा, उतारावर रचलेल्या गवताच्या गंज्या. व्लासेनित्सा, मिलिची अशी गावं मागे पडतात आणि कोन्येविच पोल्येला आपण ब्रातुनात्सकडे वळतो. पाठीवर पिशव्या घेतलेली शाळेची मुलं या वळणावर बसची वाट पाहत उभी होती. १९९५ च्या जुलैत, स्रेब्रेनित्साहून जंगलातून पळून जाऊ पाहणाऱ्या पुरुषांचे जथेच्या जथे याच टापूत पकडले गेले.

थोडं पुढे क्राविका गाव आहे. रस्त्यालगत एका शेती सहकारी संस्थेचं बैठं, लांब गोदाम आहे. १३ जुलै १९९५ च्या संध्याकाळी इथे कोंडलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आत हातबॉम्ब टाकले गेले. एक हजाराहून अधिक माणसं मारली गेली. आमच्या चालकाने वेग कमी केला, पण गाडी थांबवली नाही. त्याच गावात एक मोठा क्रूस उभा आहे, तो सर्ब मृतांसाठी. ७ जानेवारी १९९३ ला, ऑर्थोडॉक्स नाताळच्या दिवशी, स्रेब्रेनित्सातून आलेल्या बोस्नियाक, म्हणजे बोस्नियन मुस्लिम, सैन्याने क्राविकावर हल्ला केला होता. तेही विसरून चालणार नाही. स्रेब्रेनित्साचा बोस्नियाक सेनानी नासेर ओरिच याच्यावरही हेगला खटला चालला. आधी दोन वर्षांची शिक्षा झाली आणि २००८ मध्ये अपिलात तो सुटला. सर्बांना हा निकाल अजून बोचतो, आणि सर्ब मृतांच्या घरच्यांचं दुःख खोटं नाही. पण दोन्ही बाजूंनी थोडं थोडं झालं, असं म्हणून पुढे जे घडलं त्याचा हिशेब मिटत नाही.

पुढे जे घडलं ते पोटोचारीत कळतं. रस्त्याच्या एका बाजूला जुना बॅटरी कारखाना आहे आणि दुसऱ्या बाजूला दफनभूमी. एप्रिल १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने स्रेब्रेनित्साला ‘सुरक्षित क्षेत्र’ जाहीर केलं. ते राखायला कारखान्यात डच शांतिसैनिकांची तुकडी राहिली: काही शे जवान, हलकी हत्यारं, आणि वरून उशिरा आलेली, तुटपुंजी हवाई मदत. ११ जुलै १९९५ रोजी बोस्नियन सर्ब सैन्याचा सेनापती जनरल रात्को म्लादिच याच्या फौजेने शहर घेतलं. वीस-पंचवीस हजार माणसं, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे, जीव मुठीत धरून पोटोचारीला आली. म्लादिच कॅमेरे घेऊन तिथे आला, मुलांना चॉकलेटं वाटली आणि कुणी घाबरू नये असं सांगितलं. ते चित्रण उपलब्ध आहे. मग बसगाड्या लागल्या. बायका-मुलांना बसमध्ये चढवलं आणि पुरुष व किशोरवयीन मुलगे बाजूला काढले. पुढच्या काही दिवसांत आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले.

कारखान्याच्या आतल्या भिंतींवर डच सैनिकांनी त्या काळात लिहिलेलं, खरडलेलं अजून दिसतं. त्यातलं काही इतकं हीन आहे की ते इथे सांगण्याची माझी इच्छा नाही.

भारतीय वाचकासाठी एक तपशील. युगोस्लाव्हियात आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले प्रमुख भारतीय होते, लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून घडलेले, १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळवलेले. मार्च १९९३ मध्ये, म्हणजे स्रेब्रेनित्सा ‘सुरक्षित क्षेत्र’ ठरण्याच्या आधीच, त्यांनी ती जबाबदारी सोडली. ज्या शांतिसेनेची निळी शिरस्त्राणं पुढे पोटोचारीत हतबल ठरली, तिची पहिली घडी बसवणारा अधिकारी मराठा पलटणीच्या परंपरेतला होता, हे तिथे उभं असताना आठवतंच.

दफनभूमीत पांढऱ्या संगमरवराच्या सारख्या उंचीच्या शिळा आहेत, उतारावर पार वरपर्यंत. जन्मसालं वेगवेगळी, मृत्यूचं साल एकच. एकेका आडनावाच्या शिळा शेजारी शेजारी: बाप, दोन मुलगे, काका. प्रवेशाजवळच्या दगडावर ८३७२ हा आकडा कोरला आहे आणि तो अंतिम नाही असंही तिथेच लिहिलं आहे. दरवर्षी ११ जुलैला, त्या वर्षात ओळख पटलेल्यांचं दफन होतं. हिरव्या कापडातल्या हलक्या शवपेट्या हातोहात पुढे सरकवत नेल्या जातात. त्या हलक्या असतात, कारण आत पूर्ण माणूस क्वचितच असतो.

असं का, याचं उत्तर थेट हेगपर्यंत जातं. जुलैतल्या हत्यांनंतर प्रेतं मोठ्या खड्ड्यांत पुरली गेली. ऑगस्टमध्ये अमेरिकेने हवाई छायाचित्रं सुरक्षा परिषदेपुढे ठेवली. त्यांत उकरलेली ताजी माती दिसत होती. त्यानंतर सप्टेंबर-ऑक्टोबरात, रात्रीच्या अंधारात, जेसीबीसारखी यंत्रं लावून हे खड्डे पुन्हा उकरले गेले. प्रेतं ट्रकमध्ये भरून दूरवर, आडबाजूच्या दऱ्यांमध्ये लहान लहान खड्ड्यांत टाकली गेली. यंत्रांच्या फाळांनी प्रेतांचे तुकडे झाले. एकाच माणसाची हाडं दोन, तीन, कधी त्याहूनही अधिक ठिकाणी सापडली. त्यामुळे इथल्या आईला असा निर्णय घ्यावा लागतो, जो कुणाही आईच्या वाट्याला येऊ नये: मिळालं तेवढं आत्ता पुरायचं की उरलेलं सापडेपर्यंत थांबायचं? काही घरांनी थडगी पुन्हा उघडून नंतर सापडलेली हाडं आत ठेवली. रक्ताच्या नातेवाइकांच्या नमुन्यांशी हाडांचा डीएनए जुळवून आजवर सुमारे सात हजारांची ओळख पटली आहे.

गुन्हा लपवण्यासाठी केलेल्या या खटाटोपानेच गुन्हेगारांना पकडून दिलं. कोझलुक इथे हत्या झाल्या ती जागा पाणी बाटल्यांत भरणाऱ्या कारखान्याचा कचरा टाकण्याची होती. तिथली हिरवी काच आणि बाटल्यांवरची लेबलं मैलोन्‌मैल दूरच्या चान्चारी रस्त्यावरच्या खड्ड्यांत प्रेतांबरोबर सापडली. क्राविकाच्या गोदामाच्या भिंतीचे आणि चौकटीचे तुकडे ग्लोगोव्हाच्या कबरीत निघाले. मातीचे थर आणि परागकण तपासून कुठली माती कुठून आली ते ठरवलं गेलं. डोळ्यांवर बांधलेल्या कापडाच्या पट्ट्या आणि मनगटं बांधायच्या तारा व दोऱ्या शेकड्यांनी सापडल्या. ही माणसं लढाईत मेली, हा बचाव तिथेच संपला. लढणाऱ्या सैनिकाचे हात मागे बांधलेले नसतात. काहींच्या मनगटावर आपोआप चालणारी, वार-तारीख दाखवणारी घड्याळं होती. असं घड्याळ हाताची हालचाल थांबल्यावर दीडेक दिवस चालतं आणि मग बंद पडतं. त्यावरचा वार आणि तारीख पाहून मृत्यूचा काळ जुळवता आला.

आणि मग कागद. इतकी यंत्रं आणि ट्रक कित्येक रात्री चालवायचे तर इंधन हवं. युद्धाने आणि निर्बंधांनी पिचलेल्या त्या प्रदेशात डिझेल सोन्याच्या मोलाचं होतं, त्यामुळे त्याचा हिशेब काटेकोर. १४ सप्टेंबर १९९५ चा बोस्नियन सर्ब सैन्याच्या मुख्यालयाचा एक आदेश आहे. द्रिना कोरच्या हद्दीतल्या ‘अभियांत्रिकी कामासाठी’ पाच टन डिझेल द्यावं, असा. खाली म्लादिचची सही. न्यायालयात हा कागद त्या रात्रींच्या कामाशी जोडला गेला. कबरीतली काच, ब्रिगेडच्या वाहनांच्या नोंदवह्या आणि ही सही यांची साखळी जुळली, आणि ‘मला खालचं काही माहीत नव्हतं’ म्हणायला जागा उरली नाही. नेत्याला जबाबदार धरणं म्हणजे नेमकं काय, असं मला कुणी विचारलं तर मी मोठ्या तत्त्वांपेक्षा त्या पाच टन डिझेलबद्दल सांगेन. मोठ्या पदावरची माणसं बंदूक उचलत नाहीत, मंजुऱ्या देतात. तो मंजुरीचा कागद शोधणं, तो खरा आहे हे सिद्ध करणं आणि खड्ड्यातल्या हाडांपर्यंत त्याची वाट दाखवणं, हे काम वर्षानुवर्षं कंटाळा न करता करणारे तपास अधिकारी आणि मानववंशशास्त्रज्ञ मला न्यायाधीशांइतकेच मोठे वाटतात.

पोटोचारीहून निघताना स्मारक केंद्रात काम करणाऱ्या एका बाईंशी बोलणं झालं. वडील आणि दोन मामा गेलेले. हेगच्या निकालांनी समाधान झालं का, असं मी विचारलं. “समाधान नाही झालं,” त्या म्हणाल्या, “पण आता कुणी काहीही म्हणो, न्यायालयाच्या कागदावर लिहिलेलं आहे.” त्यांच्या बोलण्याला संदर्भ होता. त्यांच्याच देशात २०१६ मध्ये पाले या गावी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला बोस्नियन सर्बांचा युद्धकाळातला नेता राडोव्हान काराजिच याचं नाव दिलं गेलं होतं. पाटी उतरायला २०२० चा डिसेंबर उजाडला.

तिथून हेग. श्खिपोल विमानतळावरून रेल्वेने अर्धा तास. शहर देखणं आणि शांत: सायकली, विटांची घरं, आणि एका टोकाला स्खेवेनिंगनचा समुद्र. न्यायालयं इथे इतकी आहेत की नवख्या माणसाचा गोंधळ उडतो. पीस पॅलेस हा १९१३ मध्ये अँड्र्यू कार्नेगीच्या पैशांतून उभा राहिलेला मनोऱ्याचा महाल. त्याच्या फाटकाबाहेर पर्यटक छायाचित्रं काढतात. त्यात आंतरराष्ट्रीय न्यायालय बसतं. तिथे खटला देशाविरुद्ध देशाचा चालतो, माणसाला आरोपी करता येत नाही. २००७ मध्ये याच न्यायालयाने सांगितलं की स्रेब्रेनित्सातला वंशसंहार रोखण्याचं कर्तव्य सर्बियाने पाळलं नाही. पण त्या निकालाने कुणी तुरुंगात गेलं नाही. आणि डच सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, कारखान्याच्या आवारातून बाहेर काढल्या गेलेल्या ३५० पुरुषांच्या बाबतीत स्वतःच्या सरकारला अंशतः, दहा टक्के, जबाबदार धरलं. दहा टक्के हा आकडा वाचून राग येतो. तरी आपल्याच सरकारविरुद्ध आपल्याच न्यायालयाने असा निकाल देणं ही गोष्ट जगात फारशी घडत नाही, हेही खरं.

नेत्यांचे खटले चालले ते चर्चिल चौकात, एका विमा कंपनीच्या जुन्या इमारतीत. समोर उथळ तळं आणि दगडी पायऱ्या. मे १९९३ मध्ये, युद्ध चालू असतानाच, सुरक्षा परिषदेने हे न्यायाधिकरण स्थापन केलं. तेव्हा अनेकांना ती बोळवण वाटली होती: सैन्य पाठवायची हिंमत नाही, म्हणून न्यायाधीश पाठवले. २०१७ अखेर ते बंद झालं तेव्हा आरोपपत्र ठेवलेल्या १६१ जणांपैकी एकही फरार उरलेला नव्हता. उरलंसुरलं काम आता दुसऱ्या एका यंत्रणेकडे आहे.

हे १६१ जण हाती कसे आले, त्यात या विषयाचं सगळं मर्म आहे. काराजिच आणि म्लादिच यांच्यावर जुलै १९९५ मध्येच आरोपपत्र निघालं. त्यानंतर बोस्नियात नाटोच्या नेतृत्वाखालचे साठ हजारांच्या आसपास सैनिक आले, तरी हे दोघं मोकळे राहिले. कुणालाच दगडाखाली हात घालायचा नव्हता. काराजिच पूर्वी सारायेवोतल्याच इस्पितळात मानसोपचारतज्ज्ञ होता. तो दाढी आणि केस वाढवून बेलग्रेडमध्ये ‘द्रागान दाबिच’ नावाचा पर्यायी उपचारतज्ज्ञ म्हणून राहिला, आरोग्य मासिकात लिहू लागला, व्याख्यानं देऊ लागला. जुलै २००८ मध्ये शहराच्या बसमध्ये तो पकडला गेला. म्लादिच मे २०११ मध्ये लाझारेव्हो गावात नातेवाइकाच्या घरी सापडला. दोघांनाही पकडलं ते सर्बियाच्याच यंत्रणांनी, कारण सर्बियाला युरोपीय संघाचं दार उघडून हवं होतं. युगोस्लाव्हियाचा अध्यक्ष स्लोबोदान मिलोशेविच याचंही तसंच. मे १९९९ मध्ये त्याच्यावर आरोपपत्र निघालं तेव्हा तो पदावर होता. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने पदावरच्या राष्ट्रप्रमुखावर आरोप ठेवण्याची ती पहिलीच वेळ. पण २००० मध्ये लोकांनी त्याला सत्तेवरून खाली खेचलं आणि २८ जून २००१ रोजी, मदत देणाऱ्या देशांची परिषद दुसऱ्या दिवशी असताना, नव्या सरकारने त्याला हेगला पाठवलं.

म्हणजे बेड्या घालतं ते राजकारण. कायद्याकडे पोलीस नाहीत. मला यातून निराशा मात्र आली नाही. राजकारणाचं वारं फिरतं, पण ते कधी फिरेल हे सांगता येत नाही. फिरेल त्या दिवशी आरोपपत्र तयार हवं, साक्षीदारांचे जबाब घेतलेले हवेत, काच आणि घड्याळं पिशव्यांत क्रमांक घालून ठेवलेली हवीत. १९९५ मध्ये आरोपपत्र निघालंच नसतं, तर २००८ मध्ये त्या बसमधून कुणाला उतरवलं असतं?

मिलोशेविचचा खटला फेब्रुवारी २००२ मध्ये सुरू झाला. तो स्वतःच स्वतःची बाजू मांडायचा. त्याची तब्येत बिघडत राहिली, तारखा पुढे ढकलल्या गेल्या, आणि ११ मार्च २००६ रोजी तो कोठडीत मेलेला आढळला. निकाल नाहीच. बळी गेलेल्यांच्या घरच्यांना यापेक्षा मोठा धक्का नव्हता. तरी त्या खटल्यातून एक गोष्ट निघाली. जून २००५ मध्ये न्यायालयात एक चित्रफीत दाखवली गेली: ‘स्कॉर्पियन्स’ नावाच्या तुकडीतले लोक स्रेब्रेनित्साच्या सहा तरुणांना आणि मुलग्यांना त्र्नोव्होजवळ ठार मारताना. ती सर्बियाच्या दूरचित्रवाणीवरही लागली. तोपर्यंत ‘हे सगळं रचलेलं आहे’ म्हणणाऱ्या घरांत ती पाहिली गेली.

काराजिचला मार्च २०१६ मध्ये ४० वर्षांची शिक्षा झाली, २०१९ मध्ये अपिलात ती जन्मठेप झाली. त्याच्याविरुद्धही एक सही केलेला कागद होता: मार्च १९९५ चा सातव्या क्रमांकाचा निर्देश. स्रेब्रेनित्सा आणि झेपा इथल्या लोकांना जगण्याची आशाच उरू नये इतकी असह्य परिस्थिती निर्माण करा, असा त्याचा आशय. म्लादिचला नोव्हेंबर २०१७ मध्ये जन्मठेप झाली आणि जून २०२१ मध्ये ती कायम झाली.

खटला चालू असताना हे सगळे राहिले ते स्खेवेनिंगनच्या तुरुंगात. विटांची उंच भिंत, मागे वाळूच्या टेकड्या, त्यापलीकडे समुद्र. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी याच तुरुंगात डच प्रतिकारकांना डांबलं होतं. लोकांनी त्याला ‘ओरांयेहोटेल’ नाव दिलं, ऑरेंज राजघराण्याशी निष्ठा सांगणारं. गोळी घालण्याच्या शिक्षेची वाट पाहणाऱ्यांची ६०१ क्रमांकाची कोठडी जशीच्या तशी ठेवली आहे आणि २०१९ पासून तिथे स्मारक-संग्रहालय आहे. भिंतींवर नखांनी, खिळ्यांनी कोरलेली अक्षरं. त्याच आवाराच्या दुसऱ्या भागात आजच्या आरोपींना व्यायामाची जागा, दूरचित्रवाणी आणि वकिलाला भेटायची खोली मिळते. अनेकांना हा फरक चीड आणणारा वाटतो. मला तो आवश्यक वाटतो. आरोपीला त्याने इतरांना दिली तशी वागणूक दिली, तर मग खटला चालवायचाच कशाला?

इथून जवळच, टेकड्यांच्या कडेला, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची २०१६ मध्ये सुरू झालेली काचेची इमारत आहे. हे न्यायालय एका युद्धापुरतं नाही, कायमचं आहे. जुलै १९९८ मध्ये रोममध्ये त्याचा करार झाला, १ जुलै २००२ पासून तो लागू झाला. त्याचं २७ वं कलम थोडक्यात असं: राष्ट्राध्यक्ष असो की पंतप्रधान, पदामुळे कुणाला सूट नाही. पण अमेरिका, रशिया आणि चीन त्यात नाहीत. भारतही नाही. रोमला मतदानाच्या वेळी भारत तटस्थ राहिला. सुरक्षा परिषदेला प्रकरणं सोपवण्याचा आणि रोखण्याचा अधिकार का, अण्वस्त्रांचा वापर गुन्ह्यांच्या यादीत का नाही, दहशतवाद का नाही, हे भारताचे आक्षेप होते. हे आक्षेप पोकळ नाहीत. बड्या देशांना स्वतः बाहेर राहून दुसऱ्यांना आत ढकलता यावं, हा अन्यायच आहे. तरी ऑक्टोबर २०१५ मध्ये सुदानचा अध्यक्ष ओमर अल-बशीर, दारफूरमधल्या गुन्ह्यांसाठी दोन वॉरंटं डोक्यावर असताना, भारत-आफ्रिका शिखर परिषदेसाठी दिल्लीत आला आणि सन्मानाने परत गेला, हे मला आवडलेलं नाही. कायद्याने भारतावर बंधन नव्हतं. पण त्याबद्दल आपल्याकडे दोन दिवसही चर्चा झाली नाही.

त्याच दारफूरच्या खटल्यात टोळीप्रमुख अली कुशैब याला ६ ऑक्टोबर २०२५ रोजी दोषी ठरवलं गेलं. तो स्वतः शरण आला होता. ज्याच्या राजवटीसाठी तो लढला, तो बशीर अजून हेगला आलेला नाही. व्लादिमीर पुतिन यांच्यावर मार्च २०२३ मध्ये, युक्रेनी मुलांना बेकायदा रशियात नेल्याबद्दल वॉरंट निघालं. सप्टेंबर २०२४ मध्ये ते मंगोलियाला गेले. मंगोलिया सदस्य देश आहे, तरी त्यांना कुणी अडवलं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान बेंजामिन नेतान्याहू यांच्याविरुद्ध गाझाबाबत वॉरंट निघालं आणि पुतिनच्या वॉरंटवर टाळ्या वाजवणाऱ्या काही राजधान्या अचानक कायद्याच्या बारीकसारीक शंका काढू लागल्या. मार्च २०२५ मध्ये फिलिपिन्सचे माजी अध्यक्ष रोड्रिगो दुतेर्ते मात्र मनिलाच्या विमानतळावर पकडले गेले आणि काही तासांत हेगच्या विमानात होते. त्यांच्यावरचे आरोप मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचे आहेत, युद्धगुन्ह्यांचे नाहीत. पण तिथेही मायदेशातलं राजकारण उलटलं म्हणूनच दार उघडलं.

सुनावणी कुणालाही पाहता येते, पैसे लागत नाहीत. पासपोर्ट दाखवायचा, फोन आणि पिशवी कपाटात ठेवायची आणि काचेमागच्या सज्जात बसायचं. कानाला हेडफोन, त्यात दुभाष्यांचा आवाज, मूळ बोलण्याच्या वाक्यभर मागे. मी गेले त्या दिवशी काम अगदी कोरडं होतं: एका दस्तऐवजाचा पृष्ठक्रमांक, त्यावर बचाव पक्षाची हरकत, पुन्हा पृष्ठक्रमांक. मग साक्षीदाराच्या सुरक्षेसाठी पडदे खाली आले आणि आवाज बंद झाला. शेजारी बसलेली शाळकरी डच मुलं चुळबुळ करू लागली. मला मात्र उठावंसं वाटत नव्हतं. पोटोचारीतून आल्यावर पृष्ठक्रमांक कंटाळवाणा राहत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यावहारिक. पोटोचारीला ११ जुलैच्या सुमारास प्रचंड गर्दी असते. ८ ते १० जुलै या काळात नेझुक ते पोटोचारी अशी सुमारे शंभर किलोमीटरची शांतियात्रा निघते. पळून जाणारे पुरुष ज्या जंगलवाटेने गेले, त्याच वाटेने उलट दिशेने चालत हजारो लोक येतात. शांतपणे पाहायचं असेल तर सप्टेंबर बरा. सारायेवोत नदीकाठच्या व्येच्नित्सा या जुन्या नगरभवनात हेगच्या न्यायाधिकरणाचं माहिती केंद्र आहे. स्रेब्रेनित्साला जाण्याआधी तिथे अर्धा दिवस काढावा, म्हणजे पुढचं सगळं नीट कळतं. बोस्निया शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे व्हिसाचे नियम निघण्याआधी तपासावेत. हेगला फौजदारी न्यायालयाचं सुनावणीचं वेळापत्रक संकेतस्थळावर असतं. तारखा ऐन वेळी बदलतात, म्हणून तिथे एखादा दिवस हाताशी जास्त ठेवावा.